हरणांच्या मोसमात आईला पहाटे फिरायला सोडू का? आणि नवऱ्याला शिकारीला?

सातारकरीण | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आम्ही ऑगस्टमध्ये मिलवॉकीहून अमेरिकेतल्याच मध्य विस्कॉन्सिन राज्यात राहायला आलो. स्टीव्हन्स पॉइंटपासून वीसेक मिनिटं. घरामागे आमचं दीड एकर रान, त्याला लागून शेजाऱ्यांचं चाळीस एकर आणि त्यापलीकडे सरकारी जमीन. हौसेने घेतलं. आता पोटात गोळा आलाय.

झालं असं की परवा संध्याकाळी घरी आले तर दाराच्या कडीला एक भडक केशरी जॅकेट अडकवलेलं. खिशात चिठ्ठी: 'तुझ्या आईसाठी. बावीस तारखेपासून.' शेजारचे आजोबा ठेवून गेले होते. बावीसला इथे हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो.

आई सप्टेंबरमध्ये साताऱ्याहून आलीय. वय ६९. तिकडे रोज पहाटे टेकडीवरच्या चार भिंती स्मारकापर्यंत चढून जाणारी बाई, ती इथे घरात बसणार थोडीच. सव्वासहाला निघते. अंगावर तपकिरी शाल, डोक्याला पांढरी लोकरीची कानटोपी, हातात काठी, बरोबर आमचा गव्हाळ रंगाचा कुत्रा. मागच्या पायवाटेने शेजाऱ्यांच्या कुंपणापर्यंत आणि तिथून सरकारी जमिनीच्या कडेकडेने परत. आजोबांकडे जॅकेटचं विचारायला गेले तर ते हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, 'लांबून बघितलं तर तुझी आई आणि कुत्रा मिळून एक पूर्ण हरीण होतं.'

आईला हे सांगितलं तर ती म्हणते, 'मी काय भगवं घालून जोगीण होऊ?'

दुसरं प्रकरण म्हणजे नवरा. त्याच्या ऑफिसातल्या मित्राने मोसमाच्या पहिल्या दिवशी बरोबर यायचं आमंत्रण दिलंय. अनुभव शून्य. कॉलेजात एनसीसीत पाच गोळ्या झाडल्या होत्या, त्यातली एक शेजारच्याच्या टार्गेटवर लागली. त्याने आधीच झाडापानांचं चित्र असलेलं महागडं जॅकेट आणून ठेवलंय आणि त्याचं म्हणणं, केशरी घातलं तर हरीण पळून नाही का जाणार? मला तेही पटतं आणि शेजारचे आजोबाही पटतात. इथे कोणी प्रत्यक्ष शिकार करणारं आहे का? हा खरंच एवढा बाऊ करण्यासारखा प्रकार आहे की मी उगाच घाबरतेय?

पळता_भुई | १२ नोव्हेंबर, रात्री १०.१५

मी शिकारी नाही, पळणारा आहे. पेनसिल्व्हेनियात राहतो. आमच्याकडे बंदुकीचा मोसम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि शिकाऱ्याला डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच केशरी घालावंच लागतं, तेही चारही बाजूंनी दिसेल असं. पळणाऱ्यांना सक्ती नाही. पण त्या दोन आठवड्यांत मी केशरी टोपी आणि बंडी घालूनच रानातल्या वाटेवर उतरतो. पंधरा डॉलरचं काम आहे. बाऊ वगैरे काही नाही, घाला आणि सुटा.

लांजेकर | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

सातारकरीण ताई, मी करतो शिकार. विस्कॉन्सिनातच, तुमच्या दक्षिणेला दीड तासावर. एकोणीस मोसम झाले. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी आईंचं. तुमच्या शेजाऱ्यांचे पाय धरा. त्यांनी जे सांगितलं ते शब्दशः खरं आहे. इथलं हरीण पांढऱ्या शेपटीचं. हिवाळ्यात अंग करडं-तपकिरी, गळ्यापाशी पांढरा पट्टा, आणि बिथरलं की शेपटी उभी करतं, तेव्हा रानात पांढरा रुमाल हलल्यासारखं दिसतं. शिकारी जे शोधत बसलेला असतो ते हेच: तपकिरी ठिपका आणि त्यात पांढरं काहीतरी हललं. तुमच्या आईंनी नेमका तोच वेश केलाय. १९८८ च्या नोव्हेंबरात मेन राज्यात हर्मन गावी एक तरुण आई स्वतःच्या घराच्या मागच्या अंगणात उभी असताना गोळी लागून गेली. हातात पांढरे हातमोजे होते. मारणाऱ्याला शेपटी दिसली. तो निर्दोष सुटला, पण पुढे मेनला सावज नीट ओळखल्याशिवाय बार काढायचा नाही असा कायदाच करावा लागला.

वेळही बघा. कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार काढायला मुभा आहे. बावीस तारखेला तुमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवेल. म्हणजे साडेसहा. म्हणजे आई सरकारी जमिनीच्या कडेला पोचतात ती वेळ. झुंजूमुंजू उजेड, माणसं पहाटे पाचपासून थंडीत ताटकळलेली, वर्षभर या एका सकाळची वाट बघितलेली. राज्यात या नऊ दिवसांसाठी पाच लाखांहून जास्त लोक परवाना काढतात. सगळे शहाणे असतील असं धरून चालता का तुम्ही?

मी स्वतःला शहाणा समजत होतो. ही गोष्ट मी अजून बायकोलाही सांगितलेली नाही, इथे टोपणनाव आहे म्हणून लिहितोय.

माझा तिसरा मोसम. सरकारी जमीन, टॅमरॅकच्या झाडांची दलदल, जमिनीवर इंचभर बर्फ. झाडाच्या बुंध्याला टेकून बसलो होतो. पायाची बोटं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. पावणेसातला उजवीकडे, ऐंशी यार्डांवर, झुडपात काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मग पांढरं हललं. मग मागे तपकिरी. खोटं सांगत नाही ताई, मला शिंगं दिसली. डाव्या बाजूला चार टोकं मोजली मी. छातीत असं धडधडायला लागलं की कानात ऐकू येत होतं. बंदूक खांद्याला लावली आणि नीट बघावं म्हणून तिच्यावरच्या दुर्बिणीतून बघितलं.

दुर्बिणीतल्या नेमाच्या फुलीच्या बरोबर मधोमध एक बाई होती. पांढरी लोकरीची टोपी, तपकिरी कोट. वाकून कुत्र्याच्या पायातून बर्फाचा गोळा काढत होती. शिंगं म्हणजे तिच्यामागची वाळकी फांदी.

बोट चापावर नव्हतं. चापाच्या कड्याच्या बाहेर, बाजूला सरळ होतं, कारण शिकवणीच्या वर्गात मास्तरांनी माझ्या बोटावर पट्टी मारून मारून तशी सवय लावली होती. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्यासाठी तो वर्ग करावा लागतो. मी चौतिशीत, बारा-बारा वर्षांच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून केला. तिथे चार नियम घोकून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची; नळी कधी माणसाकडे नाही; सावज आणि सावजाच्या मागे काय आहे ते पक्कं कळल्याशिवाय बार नाही; आणि ते बोटाचं. त्यातला दुसरा नियम मी त्या सकाळी मोडला होता. बंदुकीवरची दुर्बीण ही बघायची वस्तू नाही. तिच्यातून बघायचं म्हणजे बघायच्या आधी नळी रोखायची. मेनची गोष्ट याच वर्गात ऐकली होती, बरं का. ऐकून काही होत नाही.

मी हाक मारली नाही. जीभच उचलली नाही. ती निघून गेली, तिला अजूनही माहीत नाही. मी बंदूक रिकामी केली, पाच काडतुसं बर्फावर ओळीने ठेवली आणि त्यांच्याकडे बघत बसलो. नऊ वाजता घरी. बायकोला म्हटलं, थंडी फार होती. त्याच आठवड्यात गळ्यात अडकवायची दुर्बीण घेतली, आता बंदूक विसरेन पण ती विसरत नाही.

त्या बाईने केशरी टोपी घातली असती तर? मेंदू शिंगं रंगवतो, शेपटी रंगवतो, पण भडक केशरी हरीण त्याला रंगवता येत नाही. या रंगाचं रानात काहीच नसतं. एवढंच काम आहे त्याचं.

तेव्हा आईंना टोपी आणि जॅकेट, दोन्ही. नुसतं जॅकेट नको, कारण झुडपात खांद्यापासून खालचं दिसतच नाही, डोकं तेवढं वर असतं. कुत्र्यालाही केशरी बंडी मिळते, घ्या. कुत्रा दोरीला बांधलेला. आणि त्या नऊ दिवसांत निघायची वेळ सव्वासहावरून नऊवर न्या, रस्ता सरकारी जमिनीऐवजी डांबरी. मोसम म्हणजे बावीसच्या शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत. जोगीण झाल्या तर होऊ देत.

नवऱ्याबद्दल दुपारी लिहितो. कामावर जायचंय.

शाकाहारी_वाघ | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

एवढा सगळा जिवाचा आटापिटा एका मुक्या जनावराला मारण्यासाठी? घरी बसा, वरण-भात खा, कोणालाच केशरी घालायला नको.

लांजेकर | १३ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

वाघसाहेब, तुमचं म्हणणं कळलं. त्यावर वेगळा धागा काढा, तिथे येऊन भांडतो. इथे ताईंची आई उद्या सव्वासहाला निघणार आहे.

नवऱ्याचं. ते पानाफुलांचं जॅकेट परत करा किंवा एप्रिलात टर्की पक्ष्याच्या शिकारीला वापरा. विस्कॉन्सिनात हरणांच्या बंदुकीच्या मोसमात कमरेच्या वरच्या बाहेरच्या कपड्यांपैकी किमान निम्मा भाग झगझगीत केशरी किंवा गुलाबी हवा, आणि टोपी घातली तर तीही निम्मी तरी. नुसतं धनुष्यबाण घेऊन गेला तरी त्या दिवसांत हाच नियम. माझं मत विचाराल तर निम्मा वगैरे हिशेब करूच नये. सगळंच केशरी घालावं. इथे हा नियम १९८० पासून आहे. त्याआधी लाल होतं. जुन्या फोटोंत लाल-काळ्या चौकटीचे कोट दिसतात ना, ते. पण पहाटे आणि सांजेला लाल रंग सगळ्यात आधी काळा पडतो.

आता दोन गोष्टी, ज्या त्याचा मित्र कदाचित सांगणार नाही कारण त्याच्या अंगवळणी पडल्या असतील.

पहिली, मचाण. इथे झाडाला शिडी लावून वर बाकडं बांधतात. या खेळात माणसं गोळीपेक्षा झाडावरून पडून जास्त मोडतात. अंगभर पट्टा मिळतो, खांद्यावरून आणि मांड्यांतून जाणारा. वर पोचल्यावर नव्हे, जमिनीवर पाय असतानाच तो दोरीला अडकवायचा. पडतात ते चढता-उतरताना. आणि बंदूक हातात धरून चढायचं नाही. रिकामी करायची, दोरीला बांधायची, नळी खाली, आपण वर जाऊन बसल्यावर ओढून घ्यायची. माझा एक ओळखीचा शिडीच्या शेवटच्या पायरीवरून घसरला. पट्टा होता त्याच्याकडे. गाडीत.

दुसरी, हाकारा. पहिल्या दिवशी सगळे आपापल्या जागी गप्प बसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही मिळालं नाही की दुपारी कोणीतरी म्हणतं, चला, रान उठवू या. निम्मे ओळीने आरडत चालणार, निम्मे पलीकडे बंदुका घेऊन उभे. कोकणातल्यांना हे सांगायला नको. माझ्या वडिलांकडे शेतीसंरक्षणाची एकनळी बंदूक होती. रानडुकरं भाताची नासाडी करायची. शिकार तेव्हाही कायद्यात बसत नव्हती, पण गावात रविवारी हाकारा निघायचा. बाराजण हाकायला, तिघे बारीवर, म्हणजे बंदूक घेऊन दबा धरून. अंगात खाकी, नाहीतर मळका सदरा. नियम एकच, बारीवर बसलेल्याने जागा सोडायची नाही. एका वेळी एकाने सोडली, जरा पुढे सरकला, का तर दिसत नव्हतं म्हणून. जाळीत हललं, बार निघाला. छर्रे पोटरीत गेले म्हणून वाचला. तो माझा चुलता. पुढे आयुष्यभर पाऊस यायच्या आधी त्याची पोटरी दुखायची आणि तो म्हणायचा, आज भिजणार बघ. आजही रत्नागिरी-पालघरकडच्या बातम्या वाचतो तेव्हा तेच असतं: डुकराच्या शिकारीला गेले, आपल्याच माणसाला लागलं.

इथे छर्रे नाहीत, रायफलीची गोळी आहे. थर्टी-ऑट-सिक्स नावाच्या रायफलीची गोळी तीन मैलांपर्यंत जाऊ शकते. म्हणून टेकडीच्या माथ्यावर आकाशासमोर उभ्या हरणावर बार काढायचाच नाही, कितीही सुंदर उभं असलं तरी. मागे माती दिसली पाहिजे. पहिल्या वर्षी नवऱ्याला सांगा, हाकारा निघाला की 'मी चहा करतो' म्हणायचं आणि झोपडीत बसायचं.

सातारकरीण | १३ नोव्हेंबर, रात्री ९.१०

काका (काकाच म्हणते), नवऱ्याला वाचायला दिलं. बर्फावरच्या पाच काडतुसांपाशी गप्प झाला. आईला मी वाचून दाखवलं. तिने कानटोपी काढून टेबलावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसली.

पण नवऱ्याचा प्रश्न शिल्लकच आहे. केशरी घातल्यावर हरणाला दिसणार नाही का? आणि दुसरं, आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. त्याने बंदूक हातात घेतलेली चालते का?

इचलकरंजीचा_रंगारी | १४ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

रंगाचा विषय निघाला म्हणून बोलतो. शिकारीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण तीस वर्षं कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसमध्ये काढलीत. असल्या केशरी-गुलाबीच्या लॉटा रंगवून हात महिनाभर तसलेच राहायचे.

हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्या तीन. लाल-केशरीकडचा भाग त्याला आपल्यासारखा कळत नाही. तुमचं भडक जॅकेट त्याला मळकट, वाळल्या पानासारखं दिसत असणार. मात्र निळ्या बाजूला त्याची नजर आपल्यापेक्षा तिखट, आणि अतिनील उजेडही त्याच्या डोळ्यात बराच शिरतो, आपल्याकडे तो गाळला जातो. आता गंमत बघा. आपण कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून टिनोपाल घालतो ना? तसलंच द्रव्य बहुतेक साबणाच्या पावडरीत असतं. ते अतिनील उजेड घेतं आणि निळसर करून बाहेर टाकतं. म्हणजे नवरोबांनी ते पानाफुलांचं जॅकेट प्रेमाने घरच्या पावडरीत धुतलं, की हरणाच्या लेखी ते दिवाळीचा कंदील. केशरी परवडलं. धुवायचंच तर चमक आणणारं काही नसलेल्या साबणात, गार पाण्यात.

साधा केशरी आणि हा केशरी यांत फरक आहे. साध्या रंगावर जेवढा उजेड पडतो त्यातलाच थोडा तो परत देतो. हा रंग अतिनील आणि निळा उजेड गिळून त्याचं केशरी करून ओकतो, म्हणून ढगाळ दिवशी, पहाटे, उजेड निळसर असतो तेव्हाच तो जास्त उठून दिसतो. पण याच रंगाचं आयुष्य कमी. उन्हाने आणि धुण्याने मरतो. शेजाऱ्यांनी दिलेलं जॅकेट किती जुनं आहे ते बघा. नवीन टोपी शेजारी ठेवा, जॅकेट भोपळ्याच्या भाजीसारखं दिसलं तर बदला.

गुलाबीचं विचारलं नाहीत तरी सांगतो. गुलाबीला परवानगी देणारं देशातलं पहिलं राज्य तुमचंच, २०१६ साली. मॅडिसनच्या विद्यापीठातल्या वस्त्रशास्त्राच्या प्राध्यापकांनी तपासून सांगितलं की माणसाला तो केशरीइतकाच दिसतो. बायकांनी शिकारीकडे वळावं म्हणून आणलाय असं म्हटल्यावर काही शिकारी बायकांनीच नाकं मुरडली, ती गोष्ट वेगळी. पण एक ध्यानात ठेवा. युरोपी वंशाच्या पुरुषांत साधारण बारांत एकाला लाल-हिरव्यात गल्लत होते. त्यांना तुमचा केशरी केशरी दिसत नाही, पिवळट दिसतो. चमक तेवढी दिसते. म्हणून विटका रंग चालत नाही.

पळता_भुई | १४ नोव्हेंबर, सकाळी ९.००

व्हिसाबद्दल: हा संघराज्याचा कायदा आहे, राज्याचा नाही. एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्याला बंदूकच काय, काडतूसही बाळगायला मनाई आहे. अपवादांपैकी एक म्हणजे इथल्या राज्याने दिलेला चालू शिकारीचा परवाना. तेव्हा परवाना खिशात नसेल तर मित्र 'जरा धर, मी कुंपण ओलांडतो' म्हणाला तरी धरायची नाही. परवाना काढण्याआधी तुमच्या व्हिसाच्या वकिलाला एक मेल टाका. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही.

लांजेकर | १४ नोव्हेंबर, दुपारी १.१५

बरोबर. आणि विस्कॉन्सिनात वर्ग न केलेल्याला एक सोय आहे. वर्ग केलेला अनुभवी माणूस गुरू म्हणून हाताच्या अंतरावर बसणार असेल तर परवाना मिळतो. हाताच्या अंतरावर म्हणजे खरंच हात लागला पाहिजे, शंभर यार्डांवरच्या झाडावर नव्हे. मित्र याला तयार नसेल तर पहिल्या वर्षी नुसतं बघायला जावं. केशरी घालूनच.

रंगारी साहेब, टिनोपालचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. एकोणीस वर्षं मी घरच्याच पावडरीत कपडे धुतोय. हरणं का येत नाहीत ते आज कळलं.

मालवणी_मसाला | १४ नोव्हेंबर, रात्री ८.५०

केशरी घातलं म्हणजे झालं असं कोणी समजू नका हं. २००६ मध्ये टेक्सासात तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी लाव्यांच्या शिकारीला गेले होते. पक्षी उडाला, त्याच्यामागे बंदूक फिरवत गेले आणि बार थेट ७८ वर्षांच्या सोबत्याच्या तोंडावर, मानेवर, छातीवर. त्या गृहस्थांनी केशरी घातलेलं होतं!

लांजेकर | १४ नोव्हेंबर, रात्री ९.३०

अगदी. ते मागे राहिले होते, पडलेला पक्षी शोधायला, आणि परत ओळीत येत होते. पक्ष्यावर नजर लावून बंदूक फिरवणाऱ्याला पक्ष्याशिवाय काही दिसत नाही. म्हणून ओळीने चालणाऱ्यांत प्रत्येकाचा तुकडा आधी वाटून घेतात: मधल्याने समोरचं बघायचं, कडेच्यांनी आपापल्या बाहेरच्या बाजूचं, आणि पक्षी आपल्या तुकड्यातून बाहेर गेला की गेला. मागे वळायचं असेल तर आधी तोंडाने ओरडायचं, 'मी मागे आहे'. रानात दुसरा शिकारी दिसला तरी तेच, हात हलवायचा नाही. हलणारी वस्तू म्हणजे सावज. माणसासारखं बोलायचं, मोठ्याने.

ताई, आईंनाही सांगा. गप्प चालू नका म्हणावं.

सातारकरीण | २३ नोव्हेंबर, सायंकाळी ५.२०

कळवायचं राहू नये म्हणून लिहितेय.

शेजाऱ्यांचं जॅकेट नवीनच निघालं, आतल्या बाजूला किमतीची चिठ्ठी तशीच होती. टोपी आणि कुत्र्याची बंडी मी आणली. काल शनिवारी साडेसहाच्या ठोक्याला पहिला बार ऐकू आला, मग एकामागून एक, लांब, जवळ, दिवाळीतल्या लवंगी माळेसारखे सुटे सुटे. आई खिडकीत उभी होती. म्हणाली, 'मी आत्ता कुंपणापाशी असते.' त्यावर आम्ही कोणी काही बोललो नाही. नऊला निघाली, डांबरी रस्त्याने, आणि गप्प चालायचं नाही म्हणून साताऱ्याला फोन लावून मावशीशी मोठमोठ्याने बोलत. तिकडे रात्रीचे साडेआठ. मावशीला वाटलं काहीतरी अघटित झालंय, एवढ्या ओरडून का बोलतेय.

नवऱ्याने परवाना काढला, वकिलाने हरकत नाही म्हणून कळवलं. मित्र दिवसभर शेजारी बसला. पट्टा जमिनीवरच अडकवला (फोटो मागवून घेतला मी). दुपारी तीनच्या सुमारास एक हरीण आलं, पण ते बांधावर उभं होतं आणि मागे नुसतं आभाळ. मित्राने त्याच्या खांद्यावर हात ठेवायच्या आधीच याने बंदूक खाली घेतली म्हणे. रात्री झोपेपर्यंत दहा वेळा सांगितलं. हरीण मारलं असतं तर पाच वेळा सांगितलं असतं बहुतेक.

रंगारी दादा, एक विचारायचं होतं. आई जानेवारीत परत जातेय आणि टोपी-जॅकेट घेऊन जाणार आहे. पहाटे अंधारात चार भिंतीच्या रस्त्यावर गाड्या फार जोरात येतात म्हणते.

इचलकरंजीचा_रंगारी | २३ नोव्हेंबर, रात्री १०.००

न्या की. पण ताई, पुऱ्या अंधारात हा रंग कामाचा नाही. त्याला गिळायला थोडा तरी उजेड लागतो. गाडीसमोर चकाकणारी पट्टी लागते, दिव्याचा झोत आला तसा परत फेकणारी, रस्त्यावरच्या कामगारांच्या बंडीवर असते ती. मीटरवर मिळते. पाठीवर आडवी एक, दोन्ही दंडांवर एकेक शिवून घ्या. इस्त्री फिरवू नका तिच्यावर.

सातारकरीण | २४ नोव्हेंबर, सकाळी ७.४५

पट्टी मागवली. आईने सुई-दोरा आत्ताच काढून ठेवलाय. डब्यात पांढरा दोरा होता, तो नको म्हणाली.